कंडक्टर येणार नाही

मेहकर-खामगाव रस्त्यावरच्या जानेफळात एसटीत चढणाऱ्याला तिकिटाची चिंता करावी लागत नाही. गाडी सुटली की कंडक्टर सीटपाशी येतो, कुठे जायचे विचारतो, सुट्ट्यांवरून थोडी कुरकुर करतो आणि मशीनमधून तिकीट काढून देतो. बायांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. कोणाला कोणती सवलत लागू होते, तेही तोच बघतो. अशा गावातून शिकायला किंवा नोकरीला लंडनला पोचलेल्या मुलामुलींना तिथे मुरलेली मराठी घरे पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतात: इथे कोणी विचारायला येणार नाही, चुकलात तर कोणी ओरडणारही नाही, पैसे मात्र गुपचूप कापले जातील.

सुरुवात बसपासून करावी, कारण ती सोपी. लंडनच्या लाल बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, ड्रायव्हरला कितीही विनवले तरी. चढताना पुढच्या दारातल्या पिवळ्या चकतीवर कार्ड टेकवायचे आणि आत जायचे. उतरताना काही करायचे नाही. अंतर कितीही असो, भाडे एकच. मार्च २०२३ मध्ये ते १.७५ पौंड झाले. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण कार्ड तेच हवे.

या ‘तेच’वर जुनी मंडळी फार जोर देतात. जुलै २००३ च्या सुमारास लंडनकरांच्या हाती आधी पैसे भरून वापरायचे ऑयस्टर कार्ड आले. डिसेंबर २०१२ पासून बसमध्ये आणि सप्टेंबर २०१४ पासून ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, बँकेचे कार्डही थेट चालू लागले. ते फोनमध्ये घातले तरी चालते. गोम अशी, की एकाच खात्याचे असले तरी हातातले कार्ड आणि फोनमधले कार्ड यांना यंत्रणा दोन वेगळे प्रवासी समजते. सकाळी कार्डाने आत गेला आणि संध्याकाळी फोनने बाहेर पडला, की दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात. पाकीट तसेच्या तसे चकतीवर आपटू नये, असे सांगतात तेही याचसाठी. कार्डात बॅटरी नसते. चकतीतून मिळणाऱ्या रेडिओ लहरींवर त्याची चिप जागी होते. पाकिटात तीन कार्डे असतील तर त्यांतले कोणते आधी जागे होईल, याचा नेम नाही.

नवा माणूस खरा फसतो तो ट्यूबमध्ये. इथे चढताना आणि उतरताना, दोन्हीकडे कार्ड टेकवावे लागते, कारण भाडे झोननुसार, म्हणजे शहराच्या आखून दिलेल्या पट्ट्यांनुसार, ठरते. समजा, वेम्ब्ली पार्कला राहणारा विद्यार्थी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला निघाला. हे मंडळ १९३२ सालचे, त्याची वास्तू डॉलिस हिल भागात. म्हणजे चौथ्या झोनमधून तिसऱ्यात, ज्युबिली लाइनने थोडकाच प्रवास. पण बाहेर पडताना फाटक उघडे दिसले आणि तो गर्दीबरोबर तसाच निघून गेला, तर तो कुठे उतरला हे यंत्रणेला कळत नाही आणि ती सर्वात जास्त भाडे लावते. म्हणून फाटक उघडे असले तरी कार्ड टेकवायचेच. विसरलेच, तर ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर खाते उघडून लगेच परतावा मागावा. संकोच करणारे नवखे हे पैसे उगाच सोडून देतात.

विल्स्डन जंक्शन, हायबरी अँड इस्लिंग्टन अशा गाडी बदलण्याच्या स्थानकांवर गुलाबी चकत्याही दिसतात. शहराच्या मध्यातल्या पहिल्या झोनमध्ये न शिरता बाहेरबाहेरून आलात, हे त्यांवर कार्ड टेकवून सांगायचे. भाडे त्यामुळे बऱ्याचदा कमी पडते. पाट्या नीट न वाचणाऱ्याला या चकत्या वर्षभर दिसत नाहीत.

तिकीट तपासणारा आला तर ज्या कार्डाने आत शिरलात तेच पुढे करावे. मार्च २०२४ पासून दंड १०० पौंड आहे, २१ दिवसांत भरला तर निम्मा. फोनची बॅटरी संपली, ही सबब चालत नाही.

एरवी हा हिशेब प्रवाशाच्या बाजूचाच आहे. पहाटे साडेचारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतचा दिवस धरून भाड्याला एक कमाल मर्यादा असते. तिच्यापुढे कितीही फिरा, जास्त पैसे कापत नाहीत. सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही मर्यादा असते. तिचा फायदा घ्यायचा तर कामाला लागताना पासची घाई न करता एकाच कार्डाने फिरून बघावे.

भारतातून आणलेले कार्ड पहिल्याच बसमध्ये नाकारले गेले, तर घाबरू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार परदेशातला वापर आणि न घासता टेकवून पैसे देण्याची सोय आपणहून चालू करावी लागते. हे काम विमानात बसण्याआधी, बँकेच्या ॲपमधून करून ठेवावे.

लंडनची सवय दुसऱ्या शहरात जशीच्या तशी नेऊ नये. सिंगापूर आणि सिडनीत बसमधून उतरतानाही कार्ड टेकवावे लागते. मेलबर्नच्या ट्रॅममध्ये उतरताना त्याची गरज नाही, आणि शहराच्या मध्यभागी तर ट्रॅम फुकटच आहे. न्यूयॉर्कच्या सबवेत फक्त आत जाताना टेकवायचे.

आईवडील भेटीला आले की मात्र पुन्हा पहिल्यापासून शिकवणी. गावाकडे एसटीत ज्यांना सवलत मिळते, त्यांना लंडनची साठीनंतरची सवलत मिळत नाही. ती तिथे राहणाऱ्यांनाच आहे. नातवंडे अकरा वर्षांच्या आतली असतील तर बसमध्ये फुकट, आणि मोठ्या माणसाबरोबर ट्यूबमध्येही. आजी-आजोबांना मात्र दोन वेगळी ऑयस्टर कार्डे लागतात, कारण एका कार्डावर दोघे प्रवास करू शकत नाहीत. कार्डाची किंमत परत मिळत नाही, पण त्यातली शिल्लक बाद होत नाही. त्यामुळे बऱ्याच घरांत अशी चार-पाच कार्डे ड्रॉवरमध्ये पडून असतात. नवे विकत घेण्याआधी ओळखीच्या घरी विचारून बघावे.