पॅकिंग स्वस्त करण्याआधी

गुम्मिडिपूंडीच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, पॅकिंग आणि डिस्पॅच माझ्याकडे होतं. चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेजवळ ही वसाहत आहे. पुलिकतचं सरोवर आणि बंगालचा उपसागर इथून जवळच. त्यामुळे इथली हवाही पॅकिंगच्या हिशेबात धरावी लागते. पुण्याकडे बसून ठरवणाऱ्याला ते सहज पटत नाही.

एका वर्षी पुण्याजवळच्या चाकणहून, आमच्या मुख्य कार्यालयातून, फर्मान आलं की पॅकिंगचा खर्च खाली आणा. खरेदी विभागाने सर्वांत सोपी वाट धरली. पाच प्लायचा खोका काढून तीन प्लायचा आणला. चाकणला भर उन्हाळ्यात चाचणी झाली आणि खोके उत्तम टिकले. आम्ही इथल्या पावसाबद्दल लेखी कळवलं, पण दर ठरून गेले होते. सप्टेंबरपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. मग ऑक्टोबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला. इथला खरा पावसाळा तोच, डिसेंबरपर्यंत चालणारा. थराच्या तळाचे खोके बसायला लागले. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या अण्णांनी एक खोका दाबून दाखवला आणि म्हणाले, "मॅडम, ओला नाही झालेला. पण मऊ झालाय."

त्यांचं निदान अचूक होतं. पुठ्ठ्याला पाण्याचा थेंब लागावाच लागत नाही, तो हवेतला ओलावा पितो. आर्द्रता ५० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेली की त्याच खोक्याची दाब सोसण्याची ताकद निम्म्याच्या आसपास उरते. त्यात माल दिवसेंदिवस थरावर थर पडून राहिला की ती आणखी घटते. म्हणून गोदामात जेवढं वजन प्रत्यक्ष पडणार, त्याच्या तिप्पट-चौपट दाब सोसणारा खोका मागवावा लागतो. तो फरक चैनीसाठी ठेवलेला नसतो.

पुढे जे झालं त्याने मला सर्वांत जास्त त्रास दिला. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या ग्राहकाकडे गेलेला माल चेपून परत आला, ग्राहकाची डेबिट नोट आली, बदली मालासाठी वेगळी गाडी सोडावी लागली. खोके उभे राहावेत म्हणून पॅकिंगच्या मुलांनी स्ट्रेच फिल्मचे दुप्पट वेढे मारले, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे अँगल लावले, जादा पट्ट्या आवळल्या. खर्च कमी करण्याच्या नावाखाली प्लास्टिक वाढलं. आणि तरीही महिन्याच्या बैठकीत खोक्यांची बचत दिमाखात दाखवली जात होती, कारण डेबिट नोट गुणवत्ता विभागाच्या खात्यात पडत होती, गाडीभाडं वाहतुकीच्या आणि फिल्म किरकोळ सामानाच्या. खरेदीसह या चार खात्यांची बेरीज कुणाच्याच टेबलावर नव्हती. तुमच्या कारखान्यात पॅकिंगचा आढावा घ्यायचा असेल, तर आधी एवढं करा: एका मालाच्या एका खेपेसाठी ही चारही खाती एका कागदावर आणा. खोक्याच्या दराला त्यानंतर हात लावा.

दुसरं, आढावा खरेदीच्या केबिनमध्ये घेऊ नका. ग्राहकाच्या गोदामात, माल उतरतो आणि खोका उघडला जातो तिथे उभं राहा. आम्ही काळजीने घातलेले बबल रॅपचे दोन थर तिथला माणूस न बघता फेकत होता, कारण भाग मुळात खाचांमध्ये घट्ट बसलेला होता. गंजापासून राखणाऱ्या व्हीसीआय पिशवीवर आणखी एक साधी पिशवी होती, तीही कचऱ्यात जायची. व्हीसीआय पिशवी मात्र कधीही काढू नका. समुद्राजवळ तर नाहीच. फक्त तिचं तोंड नीट बंद होतंय ना, ते पाहा.

खरी बचत बहुतेक वेळा मापांत सापडते. १२०० × १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर ४०० × ३०० चा खोका एका थरात बरोबर दहा नग बसतो. तोच खोका ४२० × ३०० केलात, तर सरळ रचनेत आठच बसतात. नऊ-दहा कोंबले तर कडेबाहेर लोंबतात. खोक्याचा भार मुख्यतः कोपरे पेलतात, आणि कोपरा हवेत लोंबला की ताकद गेलीच. कुरिअरने माल जात असेल तर उंचीकडे बघा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५००० ने भागतात, आणि ते आकारी वजन खऱ्या वजनाहून जास्त भरलं तर त्यावर पैसे लावतात. ४० × ३० × ३० चा खोका ७.२ किलोचा धरला जातो, उंची २५ केली तर ६ किलोचा. आतली रिकामी हवा काढली की पुठ्ठा, भरणी आणि भाडं तिन्ही कमी होतात, आणि खोका दुबळा होत नाही.

परत येणारे प्लास्टिक क्रेट हा उत्तम उपाय आहे, पण अंतर पाहून. ओरगडम, श्रीपेरुंबुदूरसारख्या जवळच्या ठिकाणी गाडी रोज जात असेल तर रिकामे क्रेट त्याच गाडीने परत येतात. सुमारे १२०० किलोमीटरवरच्या चाकणला पाठवलेला क्रेट घडीचा नसेल तर परतीत हवाच वाहून आणावी लागते. क्रेटची मोजणी परतीच्या चलनावर कुणा एका माणसाच्या नावे ठेवा, नाहीतर ते ग्राहकाच्या आवारात पाणी भरायला वापरले जातात.

प्लास्टिकच्या बाबतीत कायद्याची बाजूही आता पैशाची झाली आहे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालकांना नोंदणी करून प्लास्टिक पॅकेजिंग गोळा करण्याची आणि पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी घ्यावी लागते. परदेशातून माल मागवत असाल तर त्याभोवतीची फिल्मही तुमच्या हिशेबात येते. म्हणून किती किलो प्लास्टिक आत येतं आणि किती बाहेर जातं, हे वजन आजपासूनच लिहायला लागा. भंगारवाल्याशीही बोला. स्वच्छ, एकाच जातीच्या फिल्मला तो भाव देतो. पुठ्ठ्याला डकवलेला फोम दोन्ही वस्तूंची किंमत घालवतो. फोम चिकटवू नका, खाचेत बसवा.

चेन्नईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगचं केंद्र आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय मुंबईत आहे. खोक्याच्या दाबाची चाचणी अशा ठिकाणी करून घ्या, आणि नमुना दमट हवेत ठेवूनच ती करायची आहे हे अर्जात स्पष्ट लिहा. नव्या खोक्याचा वर्षभराचा दर मात्र नोव्हेंबरची एक खेप ग्राहकाच्या गोदामात उभी राहिलेली पाहिल्यावरच पक्का करा.