खिडकीची फुली कोठे असावी?

धान केंद्रावर विकायचे, तर आता आधी नाव नोंदवावे लागते. सातबारा, आधार कार्ड, बँकेचे पासबुक घेऊन आपण जातो. समोरचा मुलगा ते सारे कॉम्प्युटरवर चढवतो. त्या वेळी पडद्याकडे जरा नीट पाहावे.

पडद्यावर एक चौकट दिसते. तिला खिडकी म्हणतात. एका खिडकीत आपला अर्ज असतो, दुसरीत आणखी काही. खिडकीच्या वरच्या कडेला, बहुतेक उजव्या टोकाशी, तीन बारीक खुणा असतात: रेघ, चौकोन आणि फुली. रेघेवर दाबले की खिडकी खालच्या पट्टीत जाऊन बसते. ती मिटत नाही; तिथे दाबले की पुन्हा वर येते. चौकोनावर दाबले की ती पडदाभर होते. फुलीवर दाबले की खिडकी बंद! शाळेत आम्ही फुली मारली, की पोरे समजत उत्तर चुकले. इथे तसे नाही.

आता पाहा, चौकोन आणि फुली अगदी शेजारी. खिडकी मोठी करायला गेलो, हात जरासा सरकला, की फुली दाबली जाते. मग अर्धा भरलेला अर्ज पुष्कळदा जातो. सारे पुन्हा भरा! मागे रांग उभी असते. मिठाची बरणी आणि फवारणीच्या औषधाची बाटली आपण एका फळीवर ठेवतो का?

पूर्वी असे नव्हते. १९८४ साली मॅकिंटॉश कॉम्प्युटर आला, त्यात बंद करायचे बटण डाव्या कोपऱ्यात होते. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये लहानमोठे करायची बटणे उजवीकडे होती. बंद करायला डाव्या कोपऱ्यात लागोपाठ दोनदा दाबावे लागे. चुकून दोनदा कोण दाबतो? १९९५ साली विंडोज ९५ ने फुली उजव्या कोपऱ्यात आणली. मधे केसाएवढी फट ठेवली, इतकेच. मॅकिंटॉशनेही २००१ पासून तिन्ही बटणे डावीकडे एका जागी आणली.

उबुंटू नावाची एक फुकट मिळणारी प्रणाली आहे. कॉम्प्युटर चालतो तो अशा प्रणालीवर. तिने एप्रिल २०१० मध्ये ही बटणे उजवीकडून डावीकडे नेली. वापरणारे फार चिडले. डाव्या अंगाला जुंपायची सवय लागलेला बैल एकदम उजवीकडे जुंपला, तर तो अडखळतोच. माणसाच्या हाताचेही तेच. ऑक्टोबर २०१७ मध्ये बटणे परत उजवीकडे आली.

अरबी लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून अरबी विंडोजमध्ये फुली डावीकडे असते. तेव्हा बाजूचे फारसे काही नाही. फुली एकटी, दोघींपासून दूर हवी, आणि सगळीकडे एकाच जागी हवी, असे आम्हांस वाटते. तोवर अर्ज भरताना मधून मधून ‘सेव्ह केले का?’ असे त्या मुलाला विचारावे. तो रागावणार नाही.

उबुंटूत ही बटणे आपल्याला हवी त्या बाजूला मांडून घेता येतात. विंडोजमध्ये तशी सोय दिलेली नाही.