शेतावरील व्हिडिओ आणि बाहेरून जोडावयाचा माईक

हल्लीं आमचे पुष्कळ शेतकरी बंधु आपल्या कामाचे व्हिडिओ मोबाईलवर घेऊन परस्परांस पाठवीत असतात. ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यांतील कित्येकांत चित्र आरशासारखें स्वच्छ व बोलणें मात्र अस्पष्ट, असा प्रकार आढळतो. बियाण्याचें प्रमाण, औषधाची मात्रा, पाणी सोडण्याची वेळ या गोष्टी डोळ्यांस दिसत नाहींत. त्या कानांनींच घ्याव्या लागतात. एक आंकडा चुकीचा ऐकिला तर पीक हातचें जावयाचें. म्हणून बाहेरून जोडावयाचा माईक कसा निवडावा, याचा येथें विचार करूं.

भाईंदरहून उत्तनकडे जातांना मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें लागतात. मिठागरें आणि बांध घालून राखलेली खारजमीन ही या भागाची जुनी ओळख. मीरा-भाईंदर येथें २००२ सालीं महानगरपालिका झाली, वस्ती वाढली, आणि बांधाचें काम जाणणारे लोक विरळ होत गेले. अशाच एका वृद्ध शेतकऱ्यांनीं, बांधास पडलेली खांड ओहोटीच्या वेळेंत कशी बुजवावी, चिखल कोणता घ्यावा व थर कसे द्यावे, हें आम्हांस बांधावर उभें राहून समजाविलें. मोबाईल आम्हीं सहा-सात पावलांवर धरिला होता. घरीं येऊन पाहतों तों वाऱ्याची घरघर तेवढी ऐकूं येई. दुसऱ्यांदा गेलों तेव्हां त्यांनीं सर्व पुन्हा सांगितलें. परंतु पुढच्या खेपेस आपण असूंच असें नाहीं, असेंही हंसत म्हणाले. तें हंसणें आमच्या मनास लागलें.

या फजितीचें कारण साधें आहे. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची शक्ति चौथाईवर येते. बोलणारा दोन मीटरांवर असतां मोबाईलच्या माईकास जेवढा आवाज पोंचतो, त्याच्या सुमारें शंभरपट आवाज तोंडापासून वीस सेंटिमीटरांवर ठेविलेल्या माईकास मिळतो. वारा मात्र दोन्ही ठिकाणीं तेवढाच. तेव्हां माईक किती महाग, हा प्रश्न दुसरा. तो तोंडाच्या किती जवळ नेतां येईल, हा पहिला.

या दृष्टीनें माईकांचे चार प्रकार पाहावे. पहिला कॉलर माईक. हा सदऱ्यास, हनुवटीच्या खालीं वीतभर अंतरावर लावितात. एका जागीं उभें राहून किंवा बसून बोलणाऱ्यास तारेचा कॉलर माईक उत्तम व स्वस्त. दुसरा बिनतारी. नांगर धरून चालणारा किंवा फवारणी करणारा मनुष्य तारेनें बांधतां येत नाहीं, त्यास हा योग्य. मात्र त्याच्या लहरी मनुष्याच्या शरीरानें अडतात, म्हणून बोलणाऱ्यानें मोबाईलकडे पाठ करूं नये; आणि निघण्यापूर्वीं दोन्ही भाग चार्ज करून घ्यावे. तिसरा हातांत धरावयाचा. सभेंत प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातीं तो क्रमानें देतां येतो. चौथा लांब नळीचा. हा दूरचा आवाज ओढून आणितो, अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. तो बाजूचा गलबला कमी करितो इतकेंच. तोही बोलणाऱ्याच्या जवळच पाहिजे.

किनाऱ्यावर वारा हा मोठा शत्रु. माईकावरील स्पंजाची टोपी श्वासाचा फुत्कार थांबविते. खाडीवरच्या वाऱ्यास केंसाळ आवरणच लागतें. तें नसेल तर झोंपडीच्या किंवा पेंढ्याच्या उडवीच्या आडोशास उभें राहावें. रेल्वेच्या रुळाजवळ असाल तर गाडी जाईपर्यंत बोलणें थांबवावें. दोहोंचा आवाज मिसळल्यावर मागाहून नीट वेगळा करणें कठीण.

खरेदीपूर्वीं पीन अवश्य तपासावी. गोल पिनेवर तीन काळीं वर्तुळें असल्यास ती बहुधा मोबाईलची व दोन असल्यास कॅमेऱ्याची. दिसण्यांत सारख्या असल्या तरी एकीच्या जागीं दुसरी नेहमींच चालेल असें नाहीं. पुष्कळ नव्या मोबाईलांस गोल छिद्रच नसतें. त्यांस टाईप-सी जोडणीचा माईक पाहावा. दुकानांत आपलाच मोबाईल नेऊन तेथल्या तेथें आवाज भरून ऐकावा.

शेतावरही आधीं अर्धा मिनिट आवाज भरून तो हेडफोननें ऐकण्याची संवय ठेवावी. माईक न जोडतां मोबाईलच्याच माईकावर सर्व भरलें गेलें, हा प्रमाद फार घडतो. आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी असल्यास मोठ्यांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा. आवाज कमी पडला तर थोडाफार वाढवितां येतो; अति होऊन फाटला तर तो पूर्ववत् होत नाहीं.

आमचें मत विचाराल तर, प्रथम तारेचा कॉलर माईक व केंसाळ टोपी घ्यावी. प्रत्येकानें वेगळें घेण्याचेंही कारण नाहीं. नांगर, फवारणीचा पंप जसे आपण आळीपाळीनें वापरितों, तसा एक संच संघाच्या कार्यालयांत ठेवावा व ज्यास लागेल त्यानें नेऊन परत आणावा. मात्र तो नेऊन प्रथम गांवांतील वडीलधाऱ्यांकडे जावें. पीक पुढच्या वर्षींही घेतां येईल. त्यांचे शब्द मिळतीलच असा भरंवसा कोणीं द्यावा?