फुग्याची साक्ष

३१ डिसेंबर १९३८ ची रात्र. अमेरिकेतील इंडियानापोलिस नगरात नववर्षाच्या स्वागताची धामधूम चालली होती. त्या रात्री तेथील पोलिसांनी एक नवे साधन प्रथमच वापरावयास घेतले. त्याला जोडलेला होता एक साधा रबरी फुगा! संशयित वाहनचालकाने तो फुगवावयाचा आणि फुग्यातील हवेने साक्ष द्यावयाची.

या साधनाचे जनक रोला हार्गर हे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. प्यालेले मद्य रक्तात मिसळते. ते रक्त फुप्फुसांत आले की मद्याचा अंश वाफेच्या रूपाने श्वासात उतरतो. फुग्यातील हा श्वास हार्गर पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणातून सोडीत. आपल्याकडे विहिरींचे पाणी शुद्ध करण्यासाठी टाकीत, तेच हे द्रव्य. श्वासात मद्य असले की त्याचा जांभळा रंग फिका पडे.

परंतु चालकाला विचारावयाचे सोडून त्याच्या श्वासाला का विचारावे? कारण मद्य प्रथम घाला घालते तो विवेकावर. हात थरथरण्यापूर्वी, पाय अडखळण्यापूर्वी ‘मला काय झाले आहे?’ असे म्हणण्याचे धैर्य येते. असा मनुष्य लबाडीने बोलतो असे नव्हे. त्याला खरोखरच तसे वाटते, आणि हीच मोठी आपत्ती होय. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. रस्ता ओलांडणारे मूल दिसल्यावर गतिरोधकावर पाय पडण्यास एक सेकंद अधिक लागला, तर मोटार तेवढे अंतर न थांबता पुढे गेलेली असते.

तोंडावर गार पाणी मारले, कडक कॉफी प्याली की नशा उतरते, अशी पुष्कळांची समजूत आहे. कॉफीने झोप उडेल, मद्य नव्हे! त्याचा निचरा मुख्यतः यकृत करते, तेही आपल्या संथ गतीने. त्यास तासच्या तास लागतात.

पुढे १९५४ मध्ये रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी अधिक सुटसुटीत श्वासमापक तयार केला. मुंबईत ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीत पोलीस चालकापुढे धरतात, ते हातात मावणारे यंत्र याच कुळातले. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मद्याची मर्यादा घातली आहे. ती ओलांडणाऱ्यास पहिल्याच अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची ही रक्कम २०१९ च्या दुरुस्तीने वाढविली.

तथापि नाका प्रत्येक वळणावर नसतो. म्हणून कित्येक सुज्ञ घरी समारंभास निघतानाच, दिवसाउजेडी, किल्ली कोणाच्या खिशात राहणार हे ठरते. ज्याच्याकडे ती येते, तो त्या रात्री सरबतावरच संतुष्ट राहतो. कोणी आग्रह केला, कोणी थट्टाही केली, तरी तो किल्ली दाखवून हसतो. मध्यरात्री तीच मोटार सावकाश घराकडे वळते, तेव्हा मागील आसनावर मुले गाढ झोपलेली असतात.