वेगमर्यादेचे चलान आणि वाहनचालकाचा बचाव

रस्त्याच्या कडेला लावलेल्या यंत्राने धावत्या वाहनाचा वेग टिपावा आणि वाहनमालकाच्या भ्रमणध्वनीवर दंडाचा संदेश यावा, ही गोष्ट महाराष्ट्रात आता नवलाची राहिलेली नाही. दंड भरणे सोपे असते, म्हणून पुष्कळ लोक तो भरून मोकळे होतात. ज्याने खरोखरच मर्यादा ओलांडली असेल त्याने तसे करणे योग्यच होय. वेगाने वाहन हाकून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास पळवाट दाखविण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. परंतु चलान म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. तो एक आरोप असतो, आणि तो मान्य नसल्यास न्यायालयापुढे उभे राहून बचाव मांडण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येकास दिला आहे. त्यासाठी वकील दिलाच पाहिजे असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०८ मध्येच आरोपीने वकिलामार्फत हजर व्हावे अथवा जातीने हजर व्हावे, असे दोन्ही मार्ग खुले ठेवलेले आहेत.

यात केवळ एक-दोन हजार रुपयांचाच प्रश्न असतो असे समजू नये. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १८३ अन्वये हलक्या वाहनाच्या बाबतीत दंड १,००० ते २,००० रुपये, तर मध्यम व अवजड प्रवासी किंवा मालवाहू वाहनाच्या बाबतीत २,००० ते ४,००० रुपये आहे; आणि हाच अपराध पुन्हा घडल्यास परवाना अटकावून ठेवण्याची तरतूद आहे. ट्रक किंवा टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्या माणसाचा परवाना हीच त्याची भाकरी असते. न केलेला पहिला गुन्हा त्याने आज कंटाळून कबूल केला, तर उद्याचा खरा गुन्हा त्याचा दुसरा गुन्हा ठरतो.

कायदा पुरावा कोणता मागतो?

कलम १८३ च्या पोटकलम (३) कडे सामान्य वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. त्याचा आशय असा की, वाहन बेकायदा वेगाने जात होते असे एकाच साक्षीदाराचे मत आहे, एवढ्यावरून कोणासही दोषी ठरविता येणार नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने घेतलेल्या मोजमापावर आधारलेले आहे असे दाखवून द्यावे लागेल. म्हणजेच वेगाच्या खटल्यात सारी भिस्त यंत्रावर आणि त्याच्या नोंदीवर असते. "मी हळूच चाललो होतो, साहेब" या विनवणीने काही साधत नाही. बचाव करावयाचा तर नोंद मागावी, ती तपासावी आणि तिच्यात उणीव असेल तर तेवढीच नेमकी दाखवावी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली समाविष्ट झालेला नियम १६७-अ येथे उपयोगी पडतो. वेग टिपणाऱ्या यंत्रास राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण व्हावे, यंत्राची नजर असलेल्या रस्त्यावर तशी सूचना देणारे फलक हवेत, आणि चलानासोबत अपराध व नोंदणी क्रमांक स्पष्ट दाखविणारे छायाचित्र, यंत्राने घेतलेले मोजमाप, दिनांक, वेळ व ठिकाण हवे, असे हा नियम सांगतो. रडार पद्धतीच्या वेगमापकांसाठी वैध मापन नियमांतही स्वतंत्र तरतूद झाली असून, १ जुलै २०२५ पासून अशा साधनांची पडताळणी व मुद्रांकन आवश्यक झाले आहे. दुकानातील तराजूस जो न्याय, तोच आता या रडारलाही लागू झाला आहे.

इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना तिच्यासोबत विहित प्रमाणपत्रही लागते. ही तरतूद पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहे. या प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ज्या निकालात स्पष्ट केली, तो अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला आपल्या जालना मतदारसंघातील निवडणुकीतूनच उद्भवला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

प्रथम छायाचित्र पाहावे

चलान आल्याबरोबर राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर अथवा 'महाट्रॅफिक' ॲपवर जाऊन छायाचित्र उघडावे. वाहन आपलेच आहे काय? क्रमांक तोच, परंतु गाडीचा रंग किंवा बनावट निराळी असेल, तर कोणीतरी आपल्या क्रमांकाची बनावट पाटी वापरीत असण्याचा संभव आहे. अशा वेळी नोंदणी पुस्तक व गाडीची छायाचित्रे जोडून त्याच ठिकाणी तक्रार नोंदवावी आणि पोलीस ठाण्यासही लेखी कळवावे. यात दिरंगाई करू नये. तीच पाटी लावून उद्या एखादा गंभीर गुन्हाही होऊ शकतो. त्या वेळी गाडी दुसऱ्या गावी होती असे दाखविणारी पथकर नाक्यावरील फास्टॅगची नोंद किंवा गॅरेजची पावती असल्यास ती जपून ठेवावी.

गाडी आपली, पण चालविणारा दुसरा, अशीही स्थिती असते. पोलिसांनी विचारणा केल्यास चालकाचे नाव, पत्ता व परवान्याची माहिती देणे कलम १३३ अन्वये मालकावर बंधनकारक आहे. येथे लपवाछपवी केल्यास नसता अपराध पदरी येतो. उलट पगारी चालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मर्यादा मोडल्यावाचून जो प्रवास पुरा होणे शक्य नाही असे न्यायालयास वाटते, त्याचे वेळापत्रक काढणे किंवा तशी आज्ञा देणे हा त्या मालकाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा असल्याचे कलम १८३ च्या पोटकलम (४) मध्ये म्हटले आहे. "अमुक वाजता माल पोचलाच पाहिजे" असे लेखी फर्मान ज्यांच्या हाती असेल त्यांनी ते फाडून टाकू नये.

यानंतर मोजमाप पाहावे. लेझर बंदुकीचा झोत अंतर वाढेल तसा रुंदावत जातो. तेव्हा छायाचित्रात शेजारी दुसरे वाहन असेल तर मोजलेला वेग कोणाचा, हा प्रश्न रास्त ठरतो. यंत्र तिरकस धरले म्हणून वेग जास्त दाखविला गेला, हा लोकप्रिय आक्षेप मात्र टिकणारा नाही. वाहनाच्या दिशेशी कोन झाल्यास यंत्र प्रत्यक्षाहून कमीच वेग दाखविते. दोन ठिकाणांमधील सरासरी वेग काढला असेल तर दोन्ही ठिकाणच्या घड्याळांचा मेळ महत्त्वाचा असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने १० किलोमीटर जाण्यास ६ मिनिटे लागतात. घड्याळांत अर्ध्या मिनिटाचा फरक पडला तर तोच वेग सुमारे १०९ भरेल.

मर्यादा कोणती लागू होती, हाही मुद्दा आहेच. राज्य शासन कलम ११२ अन्वये विशिष्ट रस्त्यापुरती कमी मर्यादा ठरविते तेव्हा राजपत्रातील अधिसूचनेबरोबर योग्य ठिकाणी वाहतूक चिन्हे लावणेही त्या कलमात अभिप्रेत आहे. फलक झाडीत झाकला गेला असेल किंवा नसेलच, तर त्या जागेची छायाचित्रे लवकर घ्यावीत. यंत्राचे प्रमाणपत्र व अधिसूचनेची प्रत माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागता येते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असल्यामुळे हा अर्ज आधी करावा.

नोटिशीची मुदत

कलम २०९ प्रमाणे वेगाच्या अपराधात तीनपैकी एक गोष्ट घडलेली असावी लागते: अपराधाच्या वेळीच खटल्याची पूर्वसूचना, अथवा १४ दिवसांच्या आत चालकास किंवा नोंदणीकृत मालकास नोटीस बजावणे वा रजिस्टर्ड टपालाने पाठविणे, अथवा २८ दिवसांच्या आत समन्स बजावणे. भ्रमणध्वनीवरील संदेशाने ही अट पुरी होते काय, हा मुद्दा न्यायालयापुढे अवश्य मांडावा. मात्र नाव-पत्ता वेळेत समजू शकला नाही अशी न्यायालयाची खात्री झाल्यास हे संरक्षण मिळत नाही. घर बदलूनही नोंदणी पुस्तकावर जुनाच पत्ता ठेवणाऱ्यांची येथे अडचण होते. बदललेला पत्ता ३० दिवसांच्या आत कळविणे कायद्याने आवश्यक आहे.

न्यायालयात

तक्रार फेटाळली गेल्यास किंवा प्रकरण परस्पर न्यायालयाकडे गेल्यास पुढचा टप्पा येतो. तक्रारीच्या व न्यायालयात जाण्याच्या मुदती नियमांनुसार बदलत असल्यामुळे चलानावर किंवा नोटिशीवर दिलेली मुदत प्रमाण मानावी. वाहतूक चलानांसाठी राज्यातील पहिले आभासी न्यायालय २०२० साली नागपूर जिल्ह्यात काटोल येथे सुरू झाले. अशा न्यायालयाच्या संकेतस्थळावर दंड भरणे आणि खटला लढविणे असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडल्यास प्रकरण स्थानिक अधिकारक्षेत्रातील नियमित न्यायालयाकडे जाते. लातूरच्या माणसाचे वाहन मावळ तालुक्यात टिपले गेले असेल तर हेलपाटे तिकडचे पडतील, याचा विचार आधीच करावा. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते हे खरे, पण ती तडजोडीची जागा आहे. आरोपच खोटा आहे असे ज्याचे म्हणणे असेल त्याने तेथे सवलतीच्या मोहात पडू नये.

तारखेच्या दिवशी वेळेपूर्वी जावे, फलकावर आपला क्रमांक पाहावा व पुकारा होईपर्यंत न्यायकक्ष सोडू नये. दंडाधिकारी आरोपाचा आशय सांगून गुन्हा कबूल आहे काय, असे विचारतात. "कबूल नाही" एवढे उत्तर पुरेसे असते. रांगेत उभे असलेले इतर जण भराभर कबुली देऊन जाताना पाहून पुष्कळांचा धीर या एका क्षणी सुटतो. नंतर साक्षीदार तपासले जातात आणि त्यांना प्रश्न विचारण्याची संधी मिळते. आपण मराठीतच बोलावे. प्रश्न थोडे व सरळ असावेत: यंत्राचे प्रमाणपत्र त्या दिवशी वैध होते काय, ते सादर केले आहे काय, छायाचित्रातील दुसरे वाहन कोणते, फलक कोठे होता. पोलिसांवर हेतूचा आरोप करू नये. त्याने आपलाच मुद्दा झाकोळतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे संरक्षण राज्यघटनेच्या अनुच्छेद २० चेच आहे. एकट्याने उभे राहणे जमणार नाही असे वाटल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना तेथे वकिलाचे साहाय्य विनामूल्य मिळू शकते.

निकाल विरुद्ध गेल्यास त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. २०० रुपयांपर्यंतच्या दंडास संक्षिप्त खटल्यात अपील नाही. त्याहून अधिक दंड झाल्यास ३० दिवसांच्या आत सत्र न्यायालयात अपील करता येते, आणि प्रत मिळण्यास लागलेला काळ या मुदतीत धरला जात नाही. गुन्हा कबूल केलेल्यास मात्र शिक्षेचे प्रमाण व तिची वैधता एवढ्यापुरतेच अपील उरते.