नव्याण्णव आणि एक

जकातदार व पापी यांच्या पंगतीला बसल्याबद्दल परूशी व शास्त्री कुरकुर करू लागले, तेव्हा येशूने हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत सांगितला, असे लूककृत शुभवर्तमानात (अध्याय १५) आहे. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या शोधार्थ निघतो. त्या एकात विशेष काय होते, याविषयी लूक अवाक्षरही काढीत नाही. पुढील दृष्टांतातील हरवलेले नाणे तर उरलेल्या नऊ नाण्यांच्याच मोलाचे.

या मौनाचा अर्थ थोमाच्या शुभवर्तमानाशी तुलना केली असता उमगतो. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या या कॉप्टिक ग्रंथात (वचन १०७) हरवलेले मेंढरू कळपात सर्वांत मोठे आहे, आणि म्हणूनच मेंढपाळाला अधिक प्रिय. कथा पटण्याजोगी झाली खरी. पण मोठ्या मेंढरासाठी कोणताही हिशेबी धनगर धावेल! लूकच्या कथेत श्रद्धावंताचे मोल त्याच्या गुणांवरून ठरत नाही; देवाला त्याची उणीव भासते, यातच ते आहे.

मग मागे राहिलेल्या नव्याण्णवांचे काय? ही तक्रार लूकने त्याच अध्यायात उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाच्या तोंडी घातली आहे. बाप त्याची समजूत घालतो. तो घरात गेला की नाही, हे कथा सांगत नाही.