पेन्सिल हाती घेऊन वाचावयाचे ग्रंथ

"मुलगी दिवसभर दागिन्यांच्या पुस्तकांत डोके खुपसून बसते, याने पोट भरणार आहे काय?" असा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांची चिंता अनाठायी आहे असे मी म्हणत नाही, कारण बारावीनंतरच्या चार वर्षांचा जमाखर्च अखेर त्यांच्याच माथी असतो, परंतु अलंकाररचनेचा व्यवसाय पत्करू इच्छिणाऱ्याला ग्रंथ हे करमणुकीचे साधन नसून भांडवल होय, आणि ते वाढणार की बुडणार हे पाहण्याच्या रीतीवर अवलंबून राहते.

ओवेन जोन्स या इंग्रज वास्तुविशारदाने 1856 मध्ये 'द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा आरंभी 37 सूत्रे सांगून ईजिप्तपासून हिंदुस्थानापर्यंतच्या नक्षीकामाचा खजिना त्याने रंगीत चित्रपत्रांतून वाचकापुढे उघडला, आणि एवढे वैभव दाखवून झाल्यावर शेवटच्या प्रकरणात ठेवले काय, तर निसर्गातून जशीच्या तशी उतरविलेली पाने नि फुले! जुन्याच्या नकलेवर संतुष्ट राहण्याची त्या काळची खोड मोडावी, हाच त्याचा उद्देश होता. आजच्या विद्यार्थ्याने तो ग्रंथ शेवटाकडून उघडला तरी माझी हरकत नाही.

आपल्याकडचा कोल्हापुरी साज घ्या. छायाचित्रात त्याच्या पानड्या मोजाव्यात, परंपरेने त्या 21 असतात. चंद्र, कमळ, मासा, कासव असे आकार ओळखावेत, आणि मग तोच साज वहीत उतरवू लागावे, म्हणजे हात अडखळतो. पानडी भरीव की आत लाख भरलेली? दोन पानड्यांमधला मणी कशात ओवला आहे? गळ्यामागे अडकविण्याची तजवीज काय? ग्रंथकार बहुधा दागिन्याची दर्शनी बाजूच दाखवितो. पाठ पाहावयाची तर ही प्रश्नावली घेऊन सोनाराकडे जाणे प्राप्त आहे. तरुणपणी मी पुस्तकांवरून मोठ्या डौलाने एक बुगडी रेखाटली होती; ती पाहून एका वृद्ध कारागिराने "कानात घालायची कशी?" एवढेच विचारले आणि माझी पांडित्याची कचेरी तत्क्षणी बरखास्त झाली.

ग्रंथ महाग असतात हे खरे, म्हणून ते विकत घेण्याचा हट्ट नको. ग्रंथालयात बसून एका बैठकीत एकच पान रेखाटावे. प्रवेशाच्या बाबतीत शाखेचा बाऊ नको: 'निफ्ट' या फॅशनशिक्षण संस्थेच्या ॲक्सेसरी डिझाइनच्या पदवीस, जिच्यात दागिन्यांचाही समावेश होतो, बारावीची कोणतीही शाखा चालते, मात्र प्रवेशपरीक्षेत कल्पना कागदावर उतरवून दाखवावी लागते.

तेव्हा पालकांस विनंती अशी की, शुल्काची रक्कम भरण्यापूर्वी मुलीची वही एकवार मागून घ्यावी. तिच्यात नुसती सुरेख चित्रे असतील तर एक वर्ष थांबावे. खाडाखोड, मापे, अंदाजलेली वजने आणि सोनाराला विचारावयाचे प्रश्न असतील, तर खुशाल अर्ज दाखल करावा.